तोफ छापाची ‘एमटी’ सायकल

माझ्या घरात भिंतीवर एक सायकल टांगलेली आहे. ती पुण्याच्या माणसाला द्यायची की नाही, एवढा एकच प्रश्न आहे, आणि तो माझ्याच्यानं सुटत नाही. सायकल माझ्या बायकोची, मालनची. मालन गेल्या उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून मी एका कामाला उठतो आणि दुसऱ्याच खोलीत जाऊन उभा राहतो. मग तिथून परत यायचं तर कशाला आलो होतो हे आठवावं लागतं.

दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, धंद्याच्या आठवणी लिहा. मी म्हटलं, शाळा चौथीपर्यंत, त्यातही अर्धा वेळ बकऱ्यांमागं. ते म्हणाले, बोलता तसं लिहा. तर बोलतो तसं लिहितोय. बोलणंही हल्ली सरळ राहिलेलं नाही, ते वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

मी सायकलचा मिस्त्री. नगरच्या लष्करी छावणीशेजारी, भिंगारच्या बाजारात शेठचं सायकलचं दुकान होतं. पुढं शेठ नव्या सायकली विकायचा, मागं मी त्या जोडायचो आणि जुन्या दुरुस्त करायचो. लोकांना वाटतं, सायकल कारखान्यातून आख्खी निघते. तसं नसतं. सांगाडा गोणपाटात येतो, रिंगा वेगळ्या, तारांचे जुडगे वेगळे, चाक फिरतं ठेवणारे छर्रे पुडीत. मिस्त्री ते सगळं जोडतो, चाकाची एकेक तार आवळून चाक सरळ फिरतं करतो, तेव्हा सायकल होते. मग तिचं नाव कुठून येतं? हँडलखालच्या नळीवर पत्र्याचा एक बिल्ला मारतात. त्यावर असेल ते नाव.

आमचा बिल्ला तोफेचा. शेठ सांगायचा, “भिंगारात रणगाडेवाले राहत्यात, तोफखानेवाले राहत्यात. इथं मोर छापाची सायकल कोन घेईल? म्हनून मी सोता डोकं लावून तोफ काढली.” सांगाडे लुधियानाहून यायचे, काळे, जड, एकट्यानं उचलून जिन्यावर न्यायचे तर दम लागायचा. पण मोडायचे नाहीत. पोस्टमन, दूधवाले, छावणीतले कारकून, सगळे तोफेवर. मी गिऱ्हाइकाला छाती काढून सांगायचो, ही आपल्या गावची सायकल आहे, आमच्या शेठनं नाव काढलंय.

एक दिवस लुधियानाचा माल आला तो वेगळाच. गोणपाट फाडलं तर आत लाल-पिवळे सांगाडे. हँडल सरळ, काठीसारखं. टायर जाडजूड आणि त्यावर ट्रॅक्टरच्या चाकाला असतात तशा गाठी. नळीवर इंग्रजीत तीन मोठी अक्षरं. शेठनं चष्मा कपाळावर चढवला, तो जवळचं चष्म्याशिवायच वाचायचा.

“एम. टी. बी.,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, “मिस्त्री, दार लोटून घ्या.”

“का?”

“एम.टी. लिवलंय.”

बाहेरच्या लोकांना यात घाबरण्यासारखं काय ते कळणार नाही. लष्करात मोटारगाड्यांचा जो विभाग असतो त्याला एम.टी. म्हणतात. भिंगारात घरटी कोणीतरी छावणीत कामाला. अमका एम.टी.त ड्रायव्हर आहे, तमक्याला एम.टी.त चिकटवलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळं एम.टी. हा शब्द दिसला की ती वस्तू सरकारची, हे डोक्यात पक्कं. शेठला वाटलं, मिलिटरीचा माल चुकून आपल्या पत्त्यावर आला. आता हात लावला तर आपण चोर.

“आन् बी म्हंजे काय असंल?” मी विचारलं.

“ब्रँच असंल. झाका आधी.”

सांगाडे पुन्हा गोणपाटात घालून मागं माझ्या जागेत रचले. शेठ लुधियानाला तार करावी की छावणीत जाऊन सांगावं, या विचारात जेवेना. अशात एक दिवस सुभेदारसाहेब आले. हे रिटायर झालेले, मिशा पांढऱ्या, रोज चाकात हवा मारायच्या निमित्तानं येऊन बसायचे. उभी नोकरी त्यांनी एम.टी.तच काढलेली. बसायला जागा नाही म्हणून गोणपाटावर टेकले आणि खालचं हँडल त्यांना टोचलं.

“मिस्त्री, काय दडवलंय रे?”

मी शेठकडं बघितलं. शेठनं छताकडं बघितलं. सुभेदारांनी गोणपाट ओढलं, अक्षरं वाचली, आणि उभेच राहिले. मग म्हणाले, “माझी हाडं झिजली एम.टी.त. आमाला कधी सायकली आल्या न्हाईत. आता आल्या व्हय.”

“साहेब, आमी कुनाला इकल्या न्हाईत,” शेठ हात जोडून म्हणाला. “चुकून आल्यात. परत देतो.”

“परत कुनाला देतो? कंडम करून बाजारात काढल्या असतील. मला एक जोडून दे.”

“बी म्हंजे काय हो साहेब?” मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पायातली चप्पल नीट केली. “बी म्हंजे बायसिकल. एवढं कळत न्हाई?”

झालं. दुसऱ्या दिवशी सुभेदार त्या लाल सायकलवर बाजारातून पाठ ताठ करून फिरले. जो विचारील त्याला सांगायचे, “एम.टी.ची हाय. सगळ्यांना न्हाई मिळत.” आठवडा संपायच्या आत लोक दुकानात यायला लागले, मिलिटरीची सायकल आहे का म्हणून. श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यातला एक फिटर रजा टाकून आला. शेठचा जीव भांड्यात पडला आणि डोकंही चालायला लागलं. त्यानं प्रत्येक लाल सायकलच्या नळीवर तोफेचा बिल्ला मारायला लावला. वर तोफ, खाली एम.टी. मिलिटरीची सायकल नाही असं म्हणायची कोणाची टाप?

ती अक्षरं डोंगरातल्या सायकलची, म्हणजे इंग्रजी ‘माउंटन बाइक’ची आहेत, हे पुढं एका विक्रीवाल्यानं आम्हाला सांगितलं. शेठनं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, हे बाहेर बोलू नका. भिंगारात मी अजूनही तिला एमटीच म्हणतो आणि सगळ्यांना कळतं.

त्यावेळची गिऱ्हाइकं मला अजून समजलेली नाहीत. जेऊरकडचा एक दूधवाला, रंगनाथ. हौसेनं एमटी घेतली आणि चार दिवसांत ढकलत आणली. सरळ हँडलला किटल्या लटकत नाहीत म्हणाला. मी जुनं वाकडं हँडल बसवून दिलं. मग मागं कॅरेज पाहिजे, ते दिलं. मग स्टँड, मग चिखल उडतो म्हणून पत्र्याचे मडगार्ड. शेवटी लाल रंग मळतो म्हणून काळा मारून घेतला. म्हणजे होती तीच सायकल झाली, फक्त टायर गाठींचे. डांबरीवर त्या गाठींचा असा घुंईं आवाज यायचा की गावातली कुत्री मोटार आली म्हणून बाजूला व्हायची. मी विचारलं, “रंगनाथ, मग नवी कशाला घेतलीस?” तो म्हणाला, “आवाजासाठी.”

आता मालनचं.

ती आरोग्य सेविका होती. म्हणजे गावोगाव जाऊन बाळंतीण बघायची, पोरांना डोस पाजायची, गोळ्या वाटायची. तिला करंजी घाटाच्या बाजूच्या डोंगरातल्या वाड्या दिल्या. तिच्याबरोबर एस्तेरबाई नर्स. त्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या, आमच्या गल्लीच्या मागंच राहायच्या, अजूनही राहतात. एसटीनं फाट्यापर्यंत जायचं, तिथं चहावाल्याकडं सायकल ठेवलेली असायची, तिथून वर. रस्ता म्हणजे खडी आणि मुरूम. साधी लेडीज सायकल महिन्यात खिळखिळी व्हायची. चाक इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं करून आणायची आणि म्हणायची, “तुमची तोफ रोडावरच उडती वाटतं.”

मला ते लागलं. लाल मालातला एक सांगाडा वाटेतच तडकलेला होता, विकण्याजोगा नव्हता. त्याला गियरही होते. शेठ म्हणाला, तुला पाहिजे ते काढून घे. मी काय केलं, तोफेचा लेडीज सांगाडा घेतला, ज्याला मधली आडवी नळी नसते, म्हणजे लुगडं नेसलेल्या बाईला पाय टाकता येतो. मागची दोन्ही टोकं लोहाराच्या भात्यावर लाल करून फाकवली, तेव्हा कुठं जाड चाक आत बसलं. पुढचं चाक धरणारा चिमटा एमटीचा लावला. सरळ हँडल, गियर, सगळं चढवलं. शेठ येऊन बघून गेला. म्हणाला, “हे गाढव हाय का घोडं?” मी म्हटलं, खेचर आहे, डोंगरात तेच चालतं.

मालननं पहिल्यांदा अंगणात चालवून बघितली आणि उतरली. “बिघडलीय.”

“काय झालं?”

“पाय गरागरा फिरत्यात, गाडी जागची हलत न्हाई.”

मला हसूच आवरेना. मागच्या चाकाला लहानमोठ्या दात्यांच्या चकत्या असतात. साखळी मोठ्या चकतीवर आली की पाय हलका पडतो, पण गाडी हळू जाते. गियरचं गौडबंगाल एवढंच. मी समजावून सांगितलं की हे चढासाठी आहे. ती म्हणाली, “मग चढावर न्यायची का अंगनात?” आणि रागानं चहा टाकायला आत गेली.

पण चढली. त्या सायकलवर तिनं वाड्या केल्या, एस्तेरबाईला मागं कॅरेजवर घेऊन, औषधाची पेटी त्यांच्या मांडीवर. मोठ्या चढाला दोघी उतरायच्या, ढकलायच्या. बदली होऊन नगरला आली तोपर्यंत तीच सायकल. मग मी ती भिंतीवर टांगली. दुकान बंद झालं, शेठ गेला, सुभेदार गेले. सायकल राहिली.

मालनला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तोंडाला ऑक्सिजन होता. बोलणं कमी झालेलं. एका दुपारी मी शेजारी बसलो होतो, तिनं ते तोंडावरचं बाजूला केलं आणि म्हणाली, “सायकल सोडा.”

मी म्हटलं, “बरं.”

नंतर ती बोलली, पण पाणी द्या, विलासला, म्हणजे आमच्या पोराला, बोलवा, असंच. सायकलचं पुन्हा नाही. आणि मी ‘बरं’ म्हणून बसलो. काय बरं, ते मला माहीत नाही. शब्द देऊन बसलो आणि कशाचा दिला ते कळत नाही, अशी माझी गत आहे.

सोडा म्हणजे काय? आमच्या धंद्यात चाकातली हवा सोडतात. शिकणाऱ्याची सायकल मागून धरलेली असते, ती सोडतात. भिंतीवर टांगलेली वस्तू सोडवून खाली घेतात, त्यालाही कोणी सोडा म्हणेल. माणूस नाद सोडतो. आमच्या वस्तीत एकानं बायको सोडली. गाय चरायला सोडतात. शब्द एकच, आणि मेलेल्या माणसाला पुन्हा विचारता येत नाही.

तिचे दिवस झाले आणि महिन्याभरानं पुण्याहून तो माणूस आला. नाव केतन. तिशी-पस्तिशीचा, दाढी ठेवलेला, सायकलवरच आला होता, तीही गियरची, एका बोटानं उचलता येईल अशी. जुन्या सायकलींचा इतिहास लिहितो म्हणाला, कोणत्या छापाची कुठून निघाली, डोंगरातल्या सायकली आपल्याकडं कधी आल्या. कोणीतरी त्याला तोफ छापाचं आणि माझं नाव सांगितलं होतं. भिंतीवरची सायकल बघून तो खाली बसला. खुर्ची होती, तरी जमिनीवर बसला.

“काका, ही कोणी बनवली?”

“मी.”

“कशासाठी?”

“बायकोला कामावर जायला.”

त्यानं मला अमेरिकेचं सांगितलं. तिथं काही पोरं जुन्या, जाड चाकांच्या जड सायकली घेऊन डोंगरावर जायची आणि खाली सुसाट यायची. ब्रेक मागच्या चाकाच्या आत असायचा, तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली आल्यावर पुन्हा ग्रीस भरायचं. त्यातून पुढं डोंगरातली सायकल निघाली. जुन्या सांगाड्याला दुसऱ्या गाड्यांचे ब्रेक, दुसरीकडचे गियर लावत गेले.

“वर काय काम असायचं त्यांचं?” मी विचारलं.

“काही नाही. खाली यायला वर जायचे.”

“कुनी आजारी असायचं का वर?”

“नाही हो काका. मजा.”

मला ते डोक्यात शिरेना. सून आतून चहा घेऊन आली तर मी तिलाच विचारलं, मजेसाठी ग्रीस जाळायचं? तिनं कप ठेवला आणि गेली.

केतननं मोबाईलवर एक फोटो दाखवला. त्यात आमचाच तोफेचा बिल्ला, दुसऱ्याच मुलखातल्या कुठल्यातरी सायकलवर. तो म्हणाला, हा बिल्ला तुमच्या शेठनं काढलेला नाही. पंजाबातल्या एका कारखान्यानं हे बिल्ले बाहेरदेशीच्या गिऱ्हाइकासाठी पाडले होते. त्या गिऱ्हाइकानं माल घेतला नाही, बिल्ले पडून राहिले. शेठनं ते उचलले असणार.

मी म्हटलं, “शेठ म्हनायचा, सोता डोकं लावलं.”

“विकत घ्यायलाही डोकं लागतं,” केतन म्हणाला. माणूस वाईट नाही तो. पण मी उभ्या जन्मात ज्या नावासाठी छाती काढली ते नाव कोणा परक्याचं टाकून दिलेलं निघालं, आणि एम.टी. तर मिलिटरीचं नव्हतंच. मग मी काय विकत होतो? मी त्याला तसंच विचारलं. त्यानं भिंतीकडं बोट केलं. “ही तर खरी आहे ना. ही मला पुण्याला नेऊ द्या. लोकांना बघायला ठेवतो. तुमचं नाव लावतो, काकूंचं लावतो.”

मी म्हटलं, विचार करतो. विचार करता कोणाला येतोय, पण म्हणायचं तसं.

पोराला विचारलं. विलास कंपनीत कामाला आहे, त्याला प्रत्येक गोष्टीचं उत्तर पटकन येतं. “अण्णा, आई म्हणाली सायकल सोडा. म्हंजे आता तिचा नाद सोडा. उतरवा, देऊन टाका. रोज तिच्याखाली बसून काय बघताय?”

सून म्हणाली, “मामा, राग नका मानू. आत्यांना त्या दिवशी पोटात लई गॅस झाला हुता. त्यांना सोडा प्यायचा असंल. सायकल म्हनल्या का सलाइन म्हनल्या, ते तरी नीट ऐकलं का तुमी?”

आता मला तेही नक्की सांगता येईना. सायकलच म्हणाली. मला वाटतं सायकलच. त्या रात्री मी बाजारातून आणलेला सोडा फोटोपुढं ठेवला. विलासनं सकाळी विचारलं हे काय, मी म्हटलं, काही नाही, असू दे.

मग एस्तेरबाईंकडं गेलो. त्या ओट्यावर पावटे सोलत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच विचारलं, “बाई, मालन मला सायकल सोडा म्हनाली. तुमाला काय कळतं का?”

त्यांचा हात थांबला. मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसले, आणि पुसतच राहिल्या.

“भाऊजी, तिनं तुम्हाला कधी सांगितलं नाही?”

“काय?”

“घाटातला उतार हो. वाड्या करून परत यायचो. शेवटच्या वळणापासून खाली फाट्यापर्यंत सगळा रस्ता दिसायचा, कोणी नसायचं. ती म्हणायची, एस्तेर, घट्ट धर. मी मागून म्हणायची, सोड. की ती ब्रेक सोडायची. खालपर्यंत हात लावायची नाही. औषधाची पेटी अशी नाचायची. मी प्रार्थना म्हणत यायची, आणि ती ओरडत.”

“मालन वरडायची?”

“चांगली ओरडायची.”

मी ओट्यावर बसलो. माझी बायको घरात भांडं पडलं तर ‘अगं बाई’ एवढंच म्हणायची. आणि आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. तिच्या सायकलच्या ब्रेकचे रबर कधी झिजायचे नाहीत. डोंगरातली सायकल, रोजचा उतार, तरी रबर नव्यासारखे. सायकल दुरुस्तीला आली की मी ते गिऱ्हाइकांना दाखवायचो. सांगायचो, बघा, ब्रेक असा बसवायचा असतो, रिंगेला घासला पाहिजे पण झिजला नाही पाहिजे. त्यावर लोक माझ्याकडं ब्रेक बसवायला यायचे. ब्रेक बसवण्यात माझा हात धरणारा कोणी नाही असं अख्ख्या भिंगारात नाव झालं होतं.

“तुमी रबर घासलाच न्हाई कधी,” मी म्हटलं.

“कशाला घासू? तुम्ही एवढी चांगली सायकल केली होती.”

मी विचारलं, “पन सोड तर तुमी म्हनायच्या. ती तर चालवायची. मग मला का म्हनाली?”

एस्तेरबाईंनी एक शेंग हातात फिरवली. “मागं बसलेला माणूस म्हणतो तो शब्द, भाऊजी. एवढंच मला ठाऊक आहे. पुढचं तुम्ही बघा.”

पुढचं मला दिसलं नाही. घरी आलो, सायकल खाली काढली. रबर वाळून दगड झाले होते, ते नवे टाकले. टायर फुटलेले, ते बदलले. छर्रे धुतले. केतनला फोन केला, म्हटलं, ये, पण आधी मला एकदा घाटात ने. द्यायची ठरली तर तिथून तशीच पुण्याला घेऊन जा. मग बघू. तो शनिवारी गाडी घेऊन आला, गाडीच्या मागं सायकल बांधायची जाळी. एस्तेरबाई पुढं बसल्या. रविवारी त्यांना चर्च असतं म्हणून शनिवार. विलास दारात उभा राहून म्हणाला, “अण्णा, वय काय तुमचं?” मी म्हटलं, तुला माहीत आहे.

वाडीचा रस्ता आता डांबरी झालाय. डोंगरावर पवनचक्क्या आल्यात. एस्तेरबाईंनी वळण दाखवलं. खरंच तिथून फाट्यापर्यंत सगळा उतार दिसतो, सरळ, रिकामा. मी चढलो. रोज बाजारात सायकलवरच जातो मी, मला भीती नव्हती. केतन म्हणाला, “काका, मी मागं गाडीतून येतो.” एस्तेरबाई मागं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सोडा, भाऊजी.”

मी निघालो. पाय मारावा लागलाच नाही, सायकल आपोआप धावायला लागली. वारा सदऱ्यात शिरला. आणि माझी बोटं ब्रेकवर गेली. मी नेली नाहीत, ती गेली. मनात म्हटलं, सोड. बोटं आणखी आवळली. रबर कूं करून ओरडायला लागले. निम्म्या उतारावर एक बाई शेळ्या घेऊन वर येत होती, ती थांबून म्हणाली, “आजोबा, उतरून ढकला की.” बोलायला सवड नव्हती, मी हात सोडवत होतो. एवढा वेळ मी त्या दोन बोटांना समजावत होतो, जसं पोराला समजावतात, आणि ती ऐकत नव्हती. चाळीस वर्षं जो हात दुसऱ्याचे ब्रेक तपासून देत आला, तो ब्रेकवरून कसा निघणार? फाट्यावर आलो तेव्हा रिंग तापली होती आणि नव्या रबराचा जळका वास येत होता.

गाडी मागं येऊन थांबली. एस्तेरबाईंनी काच खाली केली. “पायी आला असता तर आधी पोचला असता.”

“ब्रेक चांगला बसवलाय,” मी म्हटलं.

“ते दिसलं.”

केतन उतरला. त्यानं जाळीचे पट्टे मोकळे केले आणि विचारलं, “काका, बांधू? पुण्याला नेऊ?”

मी हँडल धरूनच उभा होतो. मला वाटलं होतं, खाली येईपर्यंत काहीतरी कळेल. द्यायची का ठेवायची, कशाला बरं म्हणालो, काहीतरी. काही कळलं नाही. फक्त एवढं कळलं की तिला जे यायचं ते मला येत नाही, आणि ते तिनं मला एकट्यालाच करायला सांगितलंय.

“पुढल्या शनिवारी ये,” मी म्हटलं.

“सायकल न्यायला?”

“मला वर न्यायला. मला येत न्हाई अजून.”

“काय येत नाही?”

“सोडायला.”

तो पट्टा हातात घेऊन उभा राहिला. त्याला कळलं का नाही, मला माहीत नाही. मग त्यानं सायकल बांधली, आणि भिंगारला आल्यावर माझ्या दारात ती उतरवून ठेवली.